उठवलेला वाघ

रूपानं पायडलवरचा पाय उचलला, सुई अर्ध्या टाक्यात कापडात रुतवून ठेवली आणि फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला.

"मिळालं, आई! ताडोबाचं मिळालं!" पुण्याहून प्रणय जवळजवळ ओरडतच होता. "मोहर्ली गेट, सकाळची सफारी. रिसॉर्टवाल्याचा आत्ताच फोन आला. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. आता कुणी कारण काढायचं नाही."

"मी कशाला कारण काढू?"

"दर वेळी तूच काढतेस."

महाबळेश्वरच्या वेळी शाळांच्या युनिफॉर्मची शिलाई अंगावर आली होती. गोव्याच्या वेळी नणंदेचं बाळंतपण. लग्न झाल्यापासून तिनं जी गावं पाहिली ती लग्नाकार्यानं, नाहीतर कुणाला दवाखान्यात बघायला जाताना. नागपूर मात्र बरेचदा झालं होतं. पण तिथंही दीक्षाभूमीवर वाकायचं, गर्दीतून एकमेकांचे हात धरून बाहेर पडायचं आणि मिळेल त्या गाडीनं परत. नुसतं बघण्यासाठी म्हणून ती कधी कुठं गेली नव्हती.

फोन ठेवल्यावर तिला मशीनवर बसवेना. ती उठली, कात्री जागेवर ठेवली, परत उचलली, आपल्या शिलाईच्या दुकानाच्या दाराशी जाऊन औरंगपुऱ्याच्या गल्लीतल्या गर्दीकडं उगाचच बघत उभी राहिली. शेजारच्या बटनांच्या दुकानातून चाचांनी चष्म्यावरून पाहिलं.

"क्या रूपाबाई, आज मशीन कम, तुमीच ज्यादा चलरे."

"चाचा, ताडोबा जारे हम. शेर देखने."

"हौ? जाओ जाओ." चाचांनी आपल्या चिंचोळ्या दुकानाच्या चारी भिंतींवरून हात फिरवला. "हमारी तो सारी उमर इसी पिंजरे में गई. कोई देखने भी नहीं आया."

रूपा खळखळून हसली. दुपारी तिनं ठोक कापडाच्या दुकानातून सुती कापडाचा एक तागा उतरवून घेतला, मेंदीच्या सुकल्या पानाच्या रंगाचा. जंगलात भडक कपडे चालत नाहीत असं प्रणय म्हणाला होता. मग घरातल्या सगळ्यांचे कपडे तिनंच का शिवू नयेत? आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना एका रंगात सजवलं. एकदा आपल्या माणसांना.

त्या संध्याकाळी पडेगावच्या घरात जेवण झालं तरी कुणी ताटावरून उठेना. संस्कृती, रूपाची धाकटी, फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होती. ती फोनवर वाघाचे व्हिडिओ लावून एकेकाच्या नाकासमोर नाचवत होती. रूपाचा नवरा पुंडलिक वाळूजच्या कंपनीत शिफ्टचा सुपरवायझर; एरवी घरी आल्यावर मोजकं बोलणारा माणूस, पण आज त्यानं गाडीचे टायर, समृद्धी महामार्ग, वाटेत कुठं थांबायचं, सगळं एका दमात ठरवून टाकलं.

"नागपूरला दीक्षाभूमीवर वाकायचं, आणि मग जंगल," तो म्हणाला.

भिंतीला टेकून त्याची आई, भागूबाई, तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पांढरं लुगडं, केसही तसेच. बोटं मात्र अजून चपळ. पातेल्यात दाणे टपटपत होते.

"पैसे देऊन वाघ बघायला जायचं," ती म्हणाली. "लई शाणे झालात."

"आजी, उघडी जिप्सी असते. आपण वर बसलेलो, आणि वाघ असा बाजूनं चालत जातो!"

"आणि वाघाला उठवतं कोण?"

"उठवतं म्हणजे?"

"म्हंजे झाडीतून बाहेर काढतं कोण?"

"कुणी नाही. तो आपोआप येतो."

"वाघ आपोआप येत नसतो," भागूबाई म्हणाली आणि पुढची शेंग हातात घेतली.

संस्कृतीला हसू आवरेना. पुंडलिकही हसला. आईला वाघांचं वावडंच आहे, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. सिद्धार्थ गार्डनमध्ये नातवंडांना कितीदा नेलं, पण वाघाच्या पिंजऱ्याकडं वळायची वेळ आली की भागूबाई झाडाखाली चपला-पिशव्या सांभाळत बसायची. तुम्ही जाऊन या, म्हणायची.

"माय, तू काय करतेस तेवढे दिवस?" पुंडलिकनं विचारलं.

"मला पिशोरला सोडा. मोत्याकडं राहीन."

मोतीराम तिचा धाकटा भाऊ. प्रश्न इतका सहज सुटला की रूपानं आवाज न करता एक मोठा श्वास सोडला. सासूशी तिचं वाकडं होतं असं नाही. पण सासू घरात असली की डोक्यावरचा पदर, चहाची वेळ, हळू आवाज, हे सगळं अंगात आपोआप शिरायचं. त्या दिवसांत तिला ते नको होतं. तसं ती कुणाला म्हणाली नसती.

पुढचे दिवस भुर्रकन उडाले. हिवाळ्यात शिलाईचं काम तसंही कमी. रूपा दुपारी दुकानात घरचे कपडे बेतायला बसे. पुंडलिकचा शर्ट झाला, प्रणयचा झाला, संस्कृतीचं जाकीट झालं. संस्कृतीनं एका मैत्रिणीकडून दुर्बीण मिळवली आणि गच्चीवरून समोरच्या टेकडीवरची बकरी बघून "सांबर! सांबर!" असं ओरडायला लागली. प्रणय रोज सूचना पाठवी. अत्तर लावायचं नाही. कानटोपी हवीच. पहाटे दात वाजतात.

ताग्यातलं कापड उरलं तेव्हा एके दुपारी रूपानं दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलं आणि स्वतःसाठी पँट बेतली. नीट दोन खोल खिशांची. तिनं जन्मात पँट घातली नव्हती. हजारो शिवल्या होत्या. पडद्यामागं जाऊन घातली, साडीच्या ढिगाऱ्यातून पाय बाहेर काढला आणि आरशासमोर दोन पावलं टाकली. मग चार टाकली. पाय इतके मोकळे होते की तिला लाजच वाटली आणि हसूही आलं. खिशात हात घालून ती तशीच उभी राहिली. नंतर पँट घडी घालून अस्तराच्या कापडाखाली ठेवली. संस्कृतीनं एकदा दुकानात येऊन ती पाहिली, तेव्हा रूपानं ओठांवर बोट ठेवलं.

"आजीला कळू देऊ नको."

एका रविवारी रूपा सासूला घेऊन पिशोरला निघाली. मामांना आधी विचारून यावं, सासूचं अंथरूण-पांघरूण कुठं टाकायचं ते बघून यावं, एवढंच काम. दौलताबादच्या रस्त्यावर एसटीला हात केला. खिडकीतून गार वारा आत येत होता. पुढं कन्नडच्या बाजूचे डोंगर दिसायला लागले तशी भागूबाई सीटवर सावरून बसली.

मोतीराम अद्रकीच्या रानातूनच सामोरा आला, हात मातीचे.

"जय भीम, रूपाबाई. ये बाई, ये." बहिणीला तो बाईच म्हणे. त्याची बायको चंपाबाई चहा टाकायला आत गेली. अंगणात बाजेवर बसता बसता रूपानं ताडोबाचं सगळं सांगून टाकलं. सांगताना तिचा आवाज परत चढला.

मोतीराम ऐकून घेऊन गालात हसला. "बघ बाई, काय दिवस आले. आपला बाप फुकटात जायचा."

"मामा, तुमचे वडील शिकारीला जायचे?"

"शिकारीला? शिकारीला साहेब जायचे. बाप हाक्याला जायचा." रूपाच्या चेहऱ्याकडं बघून त्यानं खुलासा केला. "त्या समोरच्या डोंगरात. जहागीरदाराचे पाहुणे यायचे बंदुका घेऊन. साहेब मचाणावर. गावाबाहेरच्या आमच्या वाड्यातली माणसं खालून डबे, ढोल बडवत, बोंबलत झाडीतून चालायची. वाघ उठला की मचाणाकडं पळायचा. ना म्हणायची सोय नव्हती. मजुरी नाय, काय नाय. एकदा तर म्हणे वाघ बापाच्या अगदी..."

"तुला काय माहीत?" भागूबाई म्हणाली. "तू पाळण्यात होतास."

चंपाबाईनं चहाचे कप आणून ठेवले. भागूबाईनं कप उचलला नाही. डोंगराकडं बघत ती सावकाश बोलली, कुणाला म्हणून नाही.

"मी गेले व्हते. बापाची भाकरी घेऊन गेले, मग घरी जा असं कुणी म्हनलंच नाय. माझ्या हातात एकानं रिकामा डबा दिला. मीबी बडवत चालले. गवत माझ्यापरीस उंच. मधीच सगळ्यांचा आवाज बंद झाला. का झाला ते मला कळलं नाय, मी आपली बडवतेच. आणि बापाच्या न् माझ्या मधून गवत असं फाकत गेलं. वास आला. वाघ नाय दिसला, गवतच दिसलं. मग बार झाला."

"मग?" रूपानं विचारलं.

"मग काय. साहेबानं फोटो काढला. वाघावर पाय देऊन. बापाला म्हनले, तू जरा बाजूला हो. गाडीत घालून वाघ गावात आणला, चावडीपुढं ठेवला. सगळं गाव लोटलं. आम्हाला लांब उभं केलं. सावली पडंल म्हणून." भागूबाईनं कप उचलला, पुन्हा ठेवला. "मी टाचा वर करून करून बघत व्हते. पाठीच दिसल्या. माणसांच्या पाठी. वाघ आम्ही उठवला, रूपा. बघितला त्यांनी."

शेजारच्या रानात मोटरपंप सुरू झाला.

"पुढल्या साली बापानं दीक्षा घेतली," ती म्हणाली. "थंडीत परत बोलावणं आलं. बापानं दारातूनच सांगितलं, येत नाय. लई गोंधळ झाला. पन गेला नाय."

परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या. खुलताबाद गेलं, घाट उतरला. तुम्हीही चला, असं म्हणायला रूपा सासूकडं वळली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. तिला अस्तराखालची पँट आठवली, आरशासमोरची पावलं आठवली. दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं एकाच बाहीची शिवण दोनदा उसवली. चाचांनी हाक मारली तरी तिचं लक्ष नव्हतं. स्वतःचा तिला राग येत होता, आणि सासू आली तर मोकळी सुट्टी हातची जाईल याचं वाईटही वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

संध्याकाळी ती घरी आली, चप्पल काढायच्या आधीच सासूला म्हणाली,

"आत्या, तुम्ही चला आमच्यासोबत."

भागूबाई भाजी निवडत होती. "कुठं?"

"वाघ बघायला."

"खुळी का काय! माझे गुडघे बघ. तासाला मला लघवीला लागतं. मी आले की तुमची मजा गेली." सगळी कारणं तिच्याजवळ तयार होती; फार दिवस तयार करून ठेवल्यासारखी.

"जिप्सीत सहा जागा आहेत. आपण चौघंच. दोन रिकाम्या जाणार."

भागूबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली. "बसायला जागा हाय म्हनतेस?"

"आहे."

"वर?"

"वरच. सगळ्यांच्या वर बसवू तुम्हाला."

भागूबाईचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि तिनं तो लपवायला जुडी परत उचलली. "पुंडलिकला विचार," ती म्हणाली. पण आवाजात विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुंडलिक आधी गोंधळला. पोरानं फोनवर "आजीला झेपेल?" असं विचारलं. रूपानं दोघांना पिशोरची गोष्ट सांगितली. पुंडलिक बराच वेळ हातातलं घड्याळ काढत आणि घालत राहिला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग उठून आईपाशी गेला आणि म्हणाला, "माय, कानटोपी घ्यायला उद्या जाऊ." प्रणयनं लगेच रिसॉर्टवाल्याला फोन करून पाचवं नाव घातलं.

आता घरात भागूबाईचीच धांदल सर्वांत जास्त. बॅगेत काय भरलं ते ती रोज बाहेर काढून बघे. तिळाच्या चटणीचा डबा भरला, बाजरीच्या भाकरी किती दिवस टिकतात यावर चंपाबाईशी फोनवर वाद घातला. शेजारणींना आपण होऊन सांगे, "आमी ताडुबाला चाललो." संस्कृतीच्या दुर्बिणीतून बघताना एक डोळा मिटायचा नसतो हे तिला पटत नव्हतं.

अडचण आली ती कपड्यांची. पांढरं जंगलात लांबून दिसतं, आणि जिप्सीची पायरी उंच.

"लुगड्यात पाय उचलायचा कसा?" भागूबाई स्वतःच म्हणाली.

"आजी, सलवार घाल!" संस्कृती टाळ्या पिटत म्हणाली. "आईनं तर स्वतःला पँट शिवलीय!"

पोरीनं जीभ चावली, पण शब्द निसटून गेला होता. रूपाचा हात आपोआप डोक्याकडं गेला.

"तशीच शिवली होती, आत्या. मी साडीच नेसणार आहे."

"कुठाय?"

"दुकानात."

"उद्या घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी भागूबाईनं पँट मांडीवर पसरली. शिवणीवरून अंगठा फिरवला, कापड उजेडात धरलं, कंबरेची पट्टी ताणून पाहिली. रूपा परीक्षेला बसल्यासारखी समोर उभी.

"खिसे हायत?"

"आहेत. दोन."

भागूबाईनं एका खिशात मनगटापर्यंत हात घातला आणि आत मूठ उघडझाप करून बघितली.

"हे बरं हाय," ती म्हणाली. "मला ढगळ शिव. नाडीची. पन खिसे ठेव." पँट रूपाच्या हातात देताना तिनं वर पाहिलं नाही. "आणि तू ही घाल. शिवलेलं कापड ठेवून काय लोणचं घालायचंय?"

मोहर्लीच्या गेटवर पहाटे इतकी थंडी होती की बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती. जिप्स्यांची रांग लागली होती. चहाच्या ग्लासांभोवती लोकांनी हात गुंडाळले होते. प्रणय रात्रीच पुण्याहून येऊन मिळाला होता. पुंडलिक आणि प्रणयनं दोन्ही बाजूंनी आधार दिला, पण शेवटची पायरी भागूबाईनं दोघांचे हात सोडून चढली. ढगळ हिरवट सलवार-कुडता, वर पुंडलिकचं स्वेटर, कानटोपी. मागची सीट सगळ्यांत उंच; तिथं ती मधोमध बसली. रूपा तिच्याशेजारी, गुडघे सुटे ठेवून. संस्कृतीनं मागं वळून दोघींचा फोटो काढला. तो काढून होईपर्यंत भागूबाई समोर बघत ताठ बसून राहिली.

पुढच्या सीटवर गाइड चढली. जवळच्याच गावची पोरगी, खाकी गणवेशात, केस घट्ट बांधलेले. तिनं सगळ्यांना नीट समजावलं, की गाडीतून उतरायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही, आणि आत गेल्यावर कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, जनावराला त्रास होतो. मग तिची नजर मागच्या सीटवर गेली आणि ती हसली.

"आजी, पयल्यांदाच आल्या का जी जंगलात?"

भागूबाईनं दोन्ही हात खिशांतून काढून पुढच्या दांडीवर ठेवले. थोडा विचार केला.

"नाय," ती म्हणाली. "बसून पहिल्यांदा."

गाइडला ते नीट कळलं नाही. तिनं मान डोलावली आणि पुढं वळून बसली. रूपानं आपला हात त्या दांडीवर, सासूच्या हाताशेजारी ठेवला. समोर फाटक उघडलं, आणि ड्रायव्हरनं गाडी आत घेतली.